आठव्या दिवशी काढलेले टेकू

आष्ट्यात घर बांधणारा माणूस सगळ्या गावाला इचारतो, पण घमेलं उचलणाऱ्या बाईला कोण इचारतंय? त्रिशलावैनींनी इचारलं. माझ्या दारात पायरीवर बसल्या आन् म्हणाल्या, "दगडामावशी, मळ्यात घर बांधायचं हाय. कंत्राट लालासाहेबाला द्यावं का? तुमी वीस वरसं त्याच्याकडं राबताय. त्याच्या सिमेंट-वाळूच्या मालात काय पडतंय ते तुमालाच ठावं."

किती शानी बाई! आन् मी? मी म्हणलं, "माणूस म्हंजे सोनं हाय, वैनी. डोळं झाकून काम द्या."

तसं खोटं न्हवतं वो ते. माझी क्रांती बाळंतपणात हातची जात हुती, तवा लालासाहेबानंच तिला गाडीत घालून सांगलीला न्हेलं. तिथं सोताचं रक्त दिलं. आज माझी लेक हिंडतीया-फिरतीया ती त्या रक्तावर. अशा माणसाला वाईट म्हणायला जीभ कशी उचलंल? पण वैनींनी रक्ताचं कुठं इचारलं हुतं? त्यांनी मालाचं इचारलं हुतं, आन् मालाचं मला सगळं ठावं हुतं. काम झपाट्यानं उरकावं म्हणून तो माल पातळ करतो. फळ्या दुसऱ्या कामावर न्ह्यायच्या म्हणून स्लॅबखालचं टेकू येळेआधी काढतो. म्हसवडला एक सज्जा असाच खाली आला. खाली कुणी न्हवतं, म्हणून आमी हसण्यावारी न्हेलं. मीबी हसले, मेली!

वैनींच्या पोर्चचा स्लॅब टाकला त्या दिवशी त्यांच्या मालकांनी, बाळगोंडाअण्णांनी, आमाला जिलेबी वाढली. स्लॅबला मजुरांना मटण घालायची रीत; पर जैनाचं घर, तिथं मटण कुठलं? पण आग्रह करकरून वाढली. माल लय पातळ हुता. घमेल्यातनं पाणी गळून माझा पदर भिजला. "अण्णा, काम थांबवा," एवढंच म्हणायचं हुतं. मी जिलेबी खाल्ली.

आठव्या दिवशी लालासाहेब सकाळीच टेम्पो घिऊन आला. फळ्या माधवनगरच्या कामावर न्ह्यायच्या हुत्या.

वैनी बाहीर आल्या. "एवढ्यात? इंजिनेर तर तीन आठवडं म्हणत हुता."

"आवं वैनी, इंजिनेर कागदावर घर बांधत्यात," लालासाहेब हसला.

वैनींनी त्याच्याकडं बघितलंच न्हाई. माझ्याकडं बघितलं. "मावशी, काढू द्यायचं का?"

लालासाहेबबी माझ्याकडंच बघत हुता. माझ्या डोळ्यापुढं दवाखान्यातली क्रांती आली. मी म्हणलं, "काढू द्या वैनी. आमी नेहमीच काढतो."

चौथा टेकू काढला तवा अण्णा खाली हुते. फळ्यांचं पडलेलं खिळं येचत हुते. मी हात धरून त्यांना बाहीर वडायला पायजे हुतं. उलट मीच म्हणलं, "ऱ्हाऊ द्या की अण्णा." ते म्हणाले, "तुमी अनवाणी असता मावशी, पायात जाईल." मग नुसता आवाज आन् धुरळा.

आमी हातानं उपसलं. माझी नखं गेली. अण्णांचा हात आधी सापडला. मुठीत खिळं हुतं. जळलं माझं तोंड, जळलं!

लालासाहेबाला पोलिसांनी न्हेलं. मलाबी इचारलं. मी म्हणलं, "मी आडाणी बाई, साहेब. मला त्यातलं काय कळतंय?" त्यांना ते पटलंबी.

पण पंधरा दिवसांनी वैनींकडं गेले. जुन्या घराच्या सोप्यात एकट्याच बसल्या हुत्या. मी त्यांच्या पायावर पडले आन् म्हणलं, "वैनी, मला सगळं ठावं हुतं."

वाटलं, शिव्या देतील, मारतील. मारायलाच पायजे हुतं. पण त्या उठल्या, मला तांब्याभर पाणी आणून दिलं आन् परत बसल्या.

म्हणाल्या, "पावण्यांनी आपापल्या वळखीचं कंत्राटदार सांगितलं. गावातली माणसं लालासाहेबाला भिऊन बोलंनात. म्हणून मी तुमच्याकडं आले. मग अजून कुणाला इचारायला पायजे हुतं, मावशी? सांगा की."