हात कुणाचे सुटले

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर फुगडीला उभे राहा. समोर तुमची मैत्रीण आहे. फुलीसारखे हात टाकून तुम्ही तिचे हात धरलेत, पायाची बोटं तिच्या बोटांना टेकवलीत, आणि आता अंग मागे झोकून द्यायचंय. झोकलंत? म्हणजे आता तुमचा सगळा भार तिच्यावर आणि तिचा तुमच्यावर. गिरक्या सुरू झाल्या की भिंती, पंखे, खुर्च्या सगळं पुसून जातं. दिसत राहतो तो फक्त समोरचा चेहरा. आणि नियम एकच, काही झालं तरी हात सोडायचे नाहीत.

आता समजा, हात सुटले. दोघी दोन दिशांना फेकल्या गेल्या, आणि सगळ्यांनी बोट दाखवलं ते भलत्याच मुलीकडे. खरं काय झालं ते फक्त तुम्हाला माहीत आहे. काय कराल?

लगेच उत्तर देऊ नका. मैत्रेयीलाही लगेच देता आलं नव्हतं.

मैत्रेयी जबलपूरची, सातवीतली. बाबा फॅक्टरीत, आई रेल्वेच्या ऑफिसात. गेल्या वर्षी तिला पहिल्यांदा आकडी आली. डॉक्टरांनी तपासलं, मिरगी आहे म्हणाले, आणि समजावूनही सांगितलं. गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, बाकी खेळा, नाचा, शाळेत जा. जवळच्या माणसांना मात्र सांगून ठेवा. पडली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही.

आईनं सगळं पाळलं, फक्त 'सांगून ठेवा' एवढं सोडून. घरात त्या आजाराला नावसुद्धा नव्हतं. 'ते' म्हणायचे. "ते कुणाला बोलायचं नाही हं बेटा," एवढंच आई सांगायची, आणि मैत्रेयी मान हलवायची. रुचिरालाही सांगायचं नाही हे तिला जड जायचं. रुचिरा पहिलीपासूनची मैत्रीण. तिच्यापासून लपवलेली एवढी एकच गोष्ट होती.

श्रावण आला. महाराष्ट्र मंडळात मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू झाली. शिकवायला श्रद्धाकाकू. मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या मनाच्या, पण चूक दिसली की तिथल्या तिथे बोलून मोकळ्या होणाऱ्या. फुगडीला त्यांनी मैत्रेयी आणि रुचिराची जोडी लावली, कारण दोघींएवढी जोरात गिरकी कुणाची बसत नव्हती.

एका शनिवारी मैत्रेयी रुचिराकडे राहायला गेली. गोळी कंपासपेटीत ठेवून दिली होती. जेवण झालं, गाद्या घातल्या, पण रुचिरा काही बाजूला हलेना. गोळी काढली तर ती विचारणार, कशाची गं? मैत्रेयीला खोटं सुचेना आणि खरं बोलायची परवानगी नव्हती. एका वेळेनं काय होतंय, असं म्हणून तिनं कंपासपेटी उघडलीच नाही. वर दोघी बराच वेळ गप्पा मारत जाग्या राहिल्या. सकाळचीही गोळी तशीच राहिली.

दुपारी तालमीत फुगडी ऐन रंगात आली होती. मैत्रेयीला समोर रुचिराचा हसरा चेहरा दिसत होता. मग तोंडात लोखंडासारखी चव आली. ही चव तिच्या ओळखीची होती. 'थांब' म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि पुढचं तिला काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा ती जमिनीवर होती, हनुवटीतून रक्त येत होतं आणि भोवती सगळ्या जमल्या होत्या. डोकं आपटलं म्हणून दोन मिनिटं शुद्ध गेली, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पलीकडे उलट्या पडलेल्या खुर्च्यांमध्ये रुचिरा कोपर धरून बसली होती. तिच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

"हात सोडला काहून तू?" श्रद्धाकाकू रुचिरावर कडाडल्या. "शंभरदा सांगितलं, जीव गेला तरी हात सोडायचा नाही!"

"मी धरला होता, काकू..."

"धरला होता तर ही पडली कशी?"

रुचिरानं आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "घाम आला असेल," ती पुटपुटली.

मैत्रेयीच्या तोंडावर ओला रुमाल दाबलेला होता. बोलता आलं नाही, असं नंतर ती स्वतःला सांगत राहिली. पण मुलांनो, टाके घालून झाल्यावर रुमाल निघाला होता आणि तरीही ती बोलली नव्हती.

घरी आईनं पहिला प्रश्न विचारला, "गोळी घेतली होती ना?"

मैत्रेयीनं मान हलवली. हो.

आईचा चेहरा इतका सैल पडला की मैत्रेयीला तिच्याकडे बघवेना. "मग 'ते' नाही. चलो, बरं झालं. त्या पोरीचाच हात सुटला," आई म्हणाली, आणि फोनवर ज्यानं ज्यानं विचारलं त्याला तेच सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी रुचिरा आली. कोपराला पट्टी, आणि दुसऱ्या हातात सदर बाजारातून आणलेली खोव्याची जिलबी.

"सॉरी यार," ती म्हणाली. "मला अजूनही वाटते मी पक्का धरला होता. पण सगळे म्हणून राहिले, तर सुटलाच असेल. दुखते खूप?"

"नाही."

"खा ना. गरम आहे अजून."

मैत्रेयीनं जिलबी खाल्ली. रुचिरा समोर बसून बघत होती आणि खूश होत होती.

संध्याकाळी तिनं आईला सगळं सांगून टाकलं. गोळी, कंपासपेटी, लोखंडाची चव. आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"मला रुचिराला सांगायचं आहे, आई."

"आज रुचिराला, उद्या सगळ्या मंडळाला."

"तर काय होईल?"

"तुझ्या शकुआत्याचं काय झालं ते ठाऊक आहे? मझौली गावी एका लग्नात आकडी येऊन पडली. वरातीसमोर लोकांनी नाकाला चप्पल लावली तिच्या. चप्पल! त्यानंतर कुणी तिला हळदीलासुद्धा बोलवत नाही. एकदा सांगितलं की परत घेता येत नाही, बेटा."

"आत्यानं तर कुणाला सांगितलंच नव्हतं ना? म्हणून तर चप्पल लावली."

तव्यावरची पोळी करपली, तेव्हा कुठे आईनं गॅस बंद केला. "गोळी मी सांगितलं म्हणूनच लपवलीस तू," ती हळूच म्हणाली. पण सांग, असं ती म्हणाली नाही. सांगू नको, असंही नाही.

टाके निघाले आणि मैत्रेयी पुन्हा तालमीला गेली. आई सोबत आली होती, मागच्या खुर्चीवर इतर बायकांबरोबर बसली. आता फुगडीला मैत्रेयीसमोर तालमीतलीच अपूर्वा होती. रुचिराला काकूंनी कोपऱ्यात बसवून टाळ्या वाजवायचं काम दिलं होतं.

"पक्का धर गं अपूर्वा," काकू म्हणाल्या. "मागच्यासारखं नको."

"मी काय साबुन आहे?" अपूर्वा म्हणाली, आणि सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. साबण हातातून निसटतो, म्हणून रुचिराचं नवं नाव साबुन पडलं होतं. रुचिराही हसली. टाळ्या चालू होत्या, पण पट्टीच्या हातामुळे त्यांना आवाज नव्हता.

अपूर्वानं हात पुढे केले. मैत्रेयीनं ते धरले, पाय जुळवले, आणि तिला अंग मागे टाकताच येईना. तिनं हात काढून घेतले आणि सरळ कोपऱ्यात जाऊन रुचिरासमोर बसली.

"तू नव्हता सोडला," ती म्हणाली. "माझे सुटले. मला मिरगी आहे. तुझ्याकडे राहिले तेव्हा गोळी घेतली नाही, तू बघशील म्हणून."

रुचिराच्या टाळ्या थांबल्या.

"तेव्हापासून ठाऊक होतं तुला?"

"हो."

"आणि माझी जिलबी पण खाल्लीस!"

"हो."

"मी रोज हात धुऊन राहिली. पावडर लावून राहिली. वाटलं, माझ्या हातातच काही खराबी आहे." तिचा आवाज फाटला. "मला काहून सांगून राहिली आता? त्यांना सांग ना. साबुन कोण म्हणते मला? तू म्हणते का?"

मैत्रेयीनं वळून पाहिलं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मुली कुजबुजत होत्या. मागच्या खुर्चीवर आई होती. तिनं काही खूण केली नाही, पर्स मांडीवर घट्ट धरून ती फक्त बघत होती.

मैत्रेयी उठली. ज्या फरशीवर ती पडली होती, तिथे मधोमध जाऊन उभी राहिली. पहिल्यांदा बोलली ते तिच्या शेजारच्या अपूर्वालाही ऐकू गेलं नसेल. मग तिनं हनुवटीवरच्या कोवळ्या खुणेवरून बोट फिरवलं, श्वास घेतला, आणि मागच्या खुर्चीपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात पुन्हा म्हणाली, "काकू, रुचिरानं हात सोडला नव्हता."