ढब्बू अजून खंदकात आहे

तुम्ही त्याला बुडवलंत, साहेब. सही तुमचीच आहे.

'तीन वर्षांत ज्या पुस्तकावर तारखेचा शिक्का नाही, ते कोणी वाचत नाही असे समजून रद्दीत काढावे.' एवढी एक ओळ तुम्ही लिहिलीत. औरंगपुऱ्यातल्या आमच्या बालविभागाचा जिना मात्र तुम्ही कधी चढला नाहीत.

मी कडुबा. सव्वीस वर्षं या वाचनालयात शिपाई. पुस्तक कोणी घरी नेलं की मागच्या चिठ्ठीवर तारीख मारायची, हे माझं काम. घरी न्यायला कार्ड लागतं आणि कार्डाला बापाच्या नावाचं लाइटबिल. पुंडलिकनगरच्या पोरांचे बाप भाड्याच्या खोल्यांत राहतात, बिल घरमालकाच्या नावावर. म्हणून पोरं साडेचारला शेजारची शाळा सुटली की रिक्षा येईपर्यंत आमच्याकडेच बसून वाचतात. बसून वाचलेल्याला शिक्का नसतो. तेलकट बोटांचे ठसे असतात, पण ते तुमच्या आदेशात मोजत नाहीत.

सगळ्यात जास्त ठसे एका रेडकाच्या गोष्टीवर होते. ढब्बू नावाचं रेडकू. ते दौलताबादच्या किल्ल्याच्या खंदकात उतरतं, समोरून मगर येते आणि तेविसावं पान संपतं. पुढची पानं कोणीतरी फाडून नेली, त्याला दहा वर्षं झाली. तेव्हापासून पोरांनी एक कायदा केला. तेविसाव्या पानापर्यंत जो येईल, त्यानं पानावर बोट ठेवायचं आणि ढब्बूला वर काढायचं. कसंही. कोणी दोर टाकला, कोणी मगरीला भेळ चारली. वर काढल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही. मिटलं, तर ढब्बू बुडाला.

गुरुवारी प्रेरणा त्या पानावर पोचली. तिसरीतली पोर, बोलायला फटकळ. तेवढ्यात खालून रिक्षावाल्या सांडूचा आवाज आला.

"ए प्रेरणाबाई! बाकीचे पोरं बोंबलू राहिलेत!"

"आले ना! कडूकाका, तो पाण्यातच हाये. उद्या काढते. तोवर मिटू नका."

"नाय मिटत."

"शप्पथ?"

"अगं, व्हय. पळ आता."

पुस्तक मी टेबलावर उघडंच ठेवलं. रात्री पंख्यानं मिटायला नको म्हणून दोन्ही बाजूंनी शिक्क्याची डबी आणि पाण्याचा तांब्या टेकवला. हसा, साहेब. मलाही हसू आलं होतं.

शुक्रवारी अकरालाच तुमचा आदेश आला. रद्दीचा टेम्पो चारला येणार होता, प्रेरणा साडेचारला. आमच्या ग्रंथपाल संध्या मॅडम जेवायला गेल्या, तेव्हा मी शिक्क्याची तारीख मागे फिरवली आणि ढब्बूच्या चिठ्ठीवर जुन्या तारखा मारत सुटलो. नऊ मारल्या. नोकरी जाऊ शकत होती, तरी मारल्या.

मॅडमनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं.

"कडुबा, पाच मेला सोमवार होता. सोमवारी आपल्याला कुलूप असतं. मग नेलं कोणी, मगरीनं?"

मी शिक्का खाली ठेवला.

"मला कळत नाही का? पण सही माझी जाते वर," त्या हळूच म्हणाल्या. शाई ओली होती, त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी ती पदराला पुसली.

"मॅडम, अर्धा तास फक्त."

"टेम्पो माझ्या हातात आहे का?"

टेम्पोबरोबर दोन हमाल आले. एकानं पुस्तक उचललं. "मामा, याला तर शेवटच नाय! हे कोन वाचतं?"

तेव्हा मला चार शब्द म्हणायचे होते. पानावर बोट ठेवून: आणि ढब्बू वर आला. सव्वीस वर्षं मी पोरांचे शेवट ऐकलेत, पण स्वतः एकही सांगितला नाही. त्या दोन हमालांसमोर, मॅडमसमोर, मला लाज वाटली. जीभ उचललीच नाही. पुस्तक मिटलं. वर सुतळी आवळली.

साडेचारला प्रेरणा धापा टाकत आली. मोकळ्या टेबलावर तांब्या होता, डबी होती. दोन्हींच्या मधे पुस्तकाएवढी जागा.

"मिटलं?"

मी मान डोलावली.

"तुम्ही काढलं का त्याला आधी?"

खोटं बोलता आलं असतं. नऊ तारखा मारल्या होत्या मी त्याच दिवशी. पण तिच्याकडे बघून नाही जमलं. "नाय काढलं, पोरी. वरून मोठ्या साहेबाचा आदेश आला," एवढंच सांगितलं.

ती रडली नाही. तांब्या उचलला, खिडकीतल्या कुंडीत पाणी ओतलं, रिकामा तांब्या जागेवर ठेवला आणि सांडूनं हाक मारायच्या आधीच जिना उतरली.

जाताना दारातून विचारून गेली, "ज्यानं मिटायला सांगितलं, त्याला ठाऊक होतं का, आत कोणी हाये म्हणून?"

साहेब, शनिवारी शाळा सकाळची, रविवारी सुट्टी, सोमवारी आम्हाला कुलूप. मंगळवारी साडेचारला ती पुन्हा येईल. काय सांगू तिला? होतं ठाऊक, की नव्हतं?