हद्दीचा दगड तळाशी निजला

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. साधासुधा नाही हं, हद्दीचा! माकुणसार गावाकडे जाताना एक तळं लागतं, त्याच्या बांधावर सध्या आडवा पडून ऊन खातो आहे.

पाथरवटांनी मला डोंगरातून फोडून काढलं आणि दोन गावांच्या मधोमध, भातखाचरात पुरलं. पूर्वेला डोंगराकडचं वरचं गाव, पश्चिमेला समुद्राकडचं खालचं गाव. पुढे बांध घातला, तळं भरलं आणि मी छातीपर्यंत पाण्यात उभा राहिलो. काय सुखाचे दिवस होते ते! धुक्याच्या सकाळी पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, हे मलाही कळायचं नाही. डोक्यावर खंड्या बसायचा. दोन्ही काठांवरची पोरं पोहत यायची, मला शिवायची आणि आपापल्या काठाला परत फिरायची. सगळं तळं माझ्याचभोवती भरलंय असं मला वाटायचं. दगडाला ताठा नसेल तर कुणाला असणार?

मग जलपर्णी आली. तिच्या जांभळ्या फुलांना आधी मीही भुललो. बघता बघता तिने पाणी झाकलं आणि मासे गुदमरू लागले. दोन्ही ग्रामपंचायती कामाला लागल्या, पण आपापल्या हद्दीपुरत्या. वरच्या गावाने आपली बाजू साफ केली, की दुपारी समुद्राकडून वारा सुटे आणि खालच्या गावाची जलपर्णी तरंगत तिकडे जाई. खालच्या गावाने साफ केली, की डोंगराकडचा पहाटवारा वरच्या गावाची जलपर्णी इकडे आणून सोडे. "तुमीच ढकलता!" दोन्ही काठांवरून एकच ओरड. शेवटी जलपर्णी अडवायला दोघांनी बांबूची एकेक तरंगती आडकाठी केली आणि दोर बांधले कुठे? माझ्याच गळ्यात!

वरच्या गावची लाडकी तराफ्यावरून मासे धरते. दिवाळी सरली तेव्हा ती आपल्या सरपंचाला, अंकुशला म्हणाली, "दादा, जाल्यात पाल्याबिगर काय येत नाय. आता वीटभट्टीवर जावा लागंल. सपनाची शाला सुटंल." सपना तिची मुलगी, मला सगळ्यांच्या आधी येऊन शिवणारी.

त्याच दुपारी वारा भरात आला. जलपर्णी आडकाठीवर रेलली, दोर ताणले आणि मी हळूहळू कलत तळाशी गेलो.

तिथे हिरवा अंधार होता. वरून मुळं केसांसारखी लोंबत होती. एक म्हातारी मरळ मासळी माझ्या अंगाशी टेकली ती हललीच नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण झोप येत होती. आजूबाजूचं पाणी सगळं एकच होतं. वरच्या गावाचं कुठलं आणि खालच्या गावाचं कुठलं, जन्मभर हद्द दाखवूनही मला ओळखता येईना.

माझ्या डोक्यावर तराफे जमले.

"आता हद्द कुठं शोधायची?" अंकुशने विचारलं.

"मोजणीवाला येल तवा येल," खालच्या गावच्या सरपंच दमयंतीताई म्हणाल्या. "तवर सगळा तला तुमचा, नि सगळा आमचा. चला, धरा दोर!"

दोन आडकाठ्यांची एक झाली. दुपारचा वारा, ज्याने इतकी भांडणं लावली, त्यालाच हाताशी धरून दोन्ही गावांनी सगळी जलपर्णी पूर्वेच्या काठाला लोटली आणि उपसली. तिचं खत खालच्या गावच्या बागायती वाड्यांना गेलं, तसं डोंगरातल्या हलक्या, वरकस जमिनीलाही गेलं. पुढे दोन्ही ग्रामसभांनी एकच ठराव केला: तळ्याची समिती एक, साफसफाईचा दिवस एक. लाडकीच्या जाळ्यात पुन्हा मासे आले. ती भट्टीवर गेली नाही.

यथावकाश मोजणीवाला आला. मला ओढून पश्चिमेच्या बांधावर आणलं. "कुठे उभा करायचा?" त्याने विचारलं. दमयंतीताईंनी अंकुशकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या हितंच," तो म्हणाला. आता लाडकी माझ्यावर जाळं वाळत घालते.

मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी वस्तू शेवटी विनवते, की मला जपा. मला नका जपू, तळ्याला जपा. आणि कुणी मला पुन्हा मधोमध रोवायला आलं, तर त्याला सांगा, दगड निजलाय, उठवू नका. पूर्वी सपना मला शिवून अर्ध्या तळ्यातून परत फिरायची. आता ती अख्खं तळं पोहून येते आणि मग मला शिवते.