प्रार्थनेचा विषय

थोरल्या जावेला प्रार्थना फार सुंदर करता यायची, आणि ते तिला ठाऊक होतं. सगळी अडचण तिथेच होती.

चर्चच्या मंडळीतल्या बायका दर बुधवारी दुपारी आळीपाळीने एकेकीच्या घरी जमायच्या. खुर्च्या गोलात मांडायच्या आणि जिने तिने आपल्या डाव्या हाताला बसलेल्या बाईसाठी मोठ्याने प्रार्थना करायची, अशी त्यांची रीत होती. जी आली नसेल तिच्यासाठी तिच्या घरातल्या कुणीतरी करायची. रीत चांगलीच होती. देवाने ती नक्की मान्य केली असती, फक्त बायकांनी मध्ये कान टवकारायला नको होते. कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणाच्या मुलाचं कुठे जमलं, हे त्या गावात आधी देवाला कळायचं आणि देवाला सांगताना शेजारणीला.

थोरली शिवणकाम करायची. घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला बेतलेले कपडे, टेबलावर कात्री, खडू आणि सुयांची लाल गादी. अर्ध्या मंडळीच्या अंगावर तिने शिवलेले कपडे असायचे, आणि उपासनेच्या वेळी मागच्या बाकावर बसून ती लोकांच्या पाठीवरच्या शिवणी बघायची. खरं म्हणजे बघायची सवय तेवढी उरली होती. गेल्या वर्षापासून तिला त्या शिवणी दिसतच नव्हत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे चष्म्याने निभणारं नाही, आणि सावकाश वाढतच जाणार. थोरलीने ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. जिला सुई दिसत नाही तिच्याकडे कापड कोण टाकणार? मशीनवर हात आपोआप चालायचा. घोडं अडायचं ते हातशिलाईशी. एके दिवशी सकाळी ती खिडकीत उभी राहून, दोरा ओला करकरून सुईशी झगडत होती, तेव्हा धाकटी जाऊ आत आली. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाता जाता तिने सहज डोकावलं होतं. तिने थोरलीच्या हातातून सुई घेतली, ओवली, परत दिली, आणि शाळेत आज पाणी आलं नाही वगैरे काहीतरी बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. काळा, पांढरा, लाल, निळा असे दोरे ओवून तिने सुया ओळीने गादीत टोचून ठेवल्या. त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. त्यावर दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत.

तर अशी ही धाकटी. एकदा दोरे ओवता ओवता तिने मान वर न करता सांगितलं, "ताई, तुम्हाला म्हणून सांगते. हे कंपनीच्या ट्रेनिंगला गेलेले नाहीत. दारू सोडायच्या केंद्रात गेलेत."

थोरलीचा दीर लिफ्ट दुरुस्त करायचा. हसरा माणूस. तो पितो हे तिला माहीत होतं, इतका पितो हे नव्हतं.

"कुणाला कळलं तर तिथे क्षणभर थांबणार नाहीत, या अटीवर गेलेत," धाकटी म्हणाली. "तुम्ही फक्त प्रार्थना करा."

"करते गं. हे काय सांगायला हवं?" थोरली म्हणाली, आणि ते अगदी मनापासून म्हणाली. हे तिच्या बाजूने सांगून ठेवलेलं बरं, कारण यापुढे तिच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही.

त्या बुधवारी धाकटीला शाळेतून सुटी मिळाली नाही. गोलात केमिस्टची बायको बसली होती. सगळ्या तिला केमिस्टीणबाई म्हणायच्या. तिने आपल्या शेजारणीच्या गुडघेदुखीसाठी अशी काही प्रार्थना केली, की गुडघेवाली तर रडलीच, पण जिचे गुडघे ठणठणीत होते तीही रडली. नंतर थोरलीची पाळी आली. गैरहजर जावेसाठी तिलाच करायची होती. तिने सुरुवात साधीच केली. "हे प्रेमळ पित्या, माझ्या धाकट्या जावेच्या घरावर तुझा हात असू दे." इथे आमेन म्हटलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती. पण खोली गप्प राहिली. एक आमेन नाही, एक उसासा नाही. केमिस्टीणबाई रुमालाने डोळे टिपत होती, तेही अजून त्या गुडघ्यांसाठीच.

थोरलीने आवाज थोडा खाली आणला. "बापा, तू जाणतोस, तिचा नवरा आज कुठल्या अंधारात आहे."

"प्रभू, प्रभू," कुणीतरी पुटपुटलं.

त्या पुटपुटण्याने तिला जोर चढला. मग व्यसनाच्या बेड्या आल्या, केंद्राच्या चार भिंती आल्या, रात्री एकटी उशी भिजवणारी बायको आली. धाकटीने उशी भिजवल्याचं कधी सांगितलं नव्हतं. ते थोरलीने पदरचं घातलं. ती आमेन म्हणाली तेव्हा सगळी खोली मुसमुसत होती, आणि तिला मनातून बरं वाटलं. छान शिवलेलं कापड हातावर धरून बघताना वाटायचं तसं बरं.

लिफ्टच्या कंपनीतल्या मॅनेजरची बायको त्याच गोलात होती. ती मनाची वाईट नव्हती. वाईट असती तर गप्प तरी बसली असती. तिने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि नवराही भला निघाला. रविवारी त्याने दिराच्या कामावरच्या दोघांना संत्र्यांची करंडी देऊन केंद्रात भेटायला पाठवलं. काळजी करू नकोस, आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय, असा निरोपही दिला.

दिराने संत्री ठेवून घेतली, दोघांचे आभार मानले, आणि ते गेल्यावर कपडे पिशवीत भरून तो केंद्रातून निघाला. घरी पोचला तेव्हा त्याला नीट उभं राहता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी धाकटी आली. तिचा चेहरा शांत होता, आणि थोरलीला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

"ताई, तुम्ही प्रार्थना केलीत ना आमच्यासाठी?"

"केली की. अगदी मनापासून केली."

"मोठ्याने?"

थोरलीने हातातला खडू टेबलावर ठेवला. धाकटीने सगळं सांगितलं, संत्र्यांसकट. ती रडली नाही की तिने आवाज चढवला नाही. सांगून झाल्यावर तिने एकदा सुयांच्या गादीकडे पाहिलं आणि शाळेला उशीर होतोय म्हणून निघून गेली. सुया तशाच रिकाम्या राहिल्या.

पुढचे दोन दिवस थोरलीने कसे काढले ते तिलाच माहीत. चर्चच्या पाळकांच्या बायकोच्या, पाळकबाईंच्या नातवासाठी बाप्तिस्म्याचा झगा तयार होत आला होता. फक्त गळ्याची आणि घेराची हातशिलाई उरली होती. पाळकबाईंनी झगा न्यायला माणूस पाठवला तेव्हा त्याला तिने मशीन बिघडल्याचं सांगितलं. तो गेल्यावर ती प्रार्थनेला बसली. पण "हे प्रेमळ पित्या" म्हटलं की तिला आपलाच आवाज ऐकू यायचा, तो खाली आणलेला, लोकांना रडवणारा आवाज, आणि तिची तिलाच किळस यायची. जिने वर्षभर आपली लाज झाकली, तिची लाज आपण चार आमेनांसाठी चव्हाट्यावर मांडली, हे काही केल्या मनातून जाईना.

त्यात पुढचा बुधवार नेमका तिच्याच घरी होता.

मशीन भिंतीला सरकवून तिने खुर्च्या मांडल्या. बायका आल्या. दोघी जावांना शेजारी बसता यावं म्हणून त्यांनी थोरलीच्या उजव्या हाताची खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली. धाकटी आज यायची नाही असं थोरलीला वाटत होतं. खरं सांगायचं तर ती तशी आशाच करत होती. पण सगळ्यात शेवटी धाकटी आली आणि त्याच खुर्चीत बसली. बायकांनी मायेने तिच्याकडे पाहिलं. त्या मायेखाली तिने मान खाली घातली.

धाकटीच्या डाव्या हाताला आता थोरली होती, म्हणजे धाकटी तिच्यासाठी प्रार्थना करणार. मोठ्याने. या खोलीतली प्रत्येक बाई तिची गिऱ्हाईक होती. बापा, माझ्या जावेच्या डोळ्यांकडे बघ, एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्यात खोटं काही नव्हतं, कुणी बोट ठेवावं असं काही नव्हतं. प्रार्थनेला कोण नावं ठेवणार? थोरलीला हे चांगलं माहीत होतं. शेवटी वाट तिनेच दाखवली होती. आणि धाकटीने ते म्हटलं तर ते तिच्या हक्काचं आहे, हेही तिला कळत होतं.

गोल फिरत फिरत पाळी धाकटीवर आली. तिचा श्वास थोरलीला ऐकू येत होता.

"देवा," ती म्हणाली, "माझ्या जाऊबाई. तुला सगळं माहीत आहे. आमेन."

झालं. बायका आणखी काही येतंय का म्हणून थांबल्या, मग नाइलाजाने आमेन म्हणाल्या. थोरलीचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाळी आता तिची. डावीकडे केमिस्टीणबाई सरसावून बसली होती. आज काहीतरी ऐकायला मिळेल याची तिला खात्री होती. इथेच सगळ्यांसमोर देवाची आणि जावेची क्षमा मागावी, असं थोरलीच्या मनात आलं, आणि त्याचे शब्दसुद्धा भराभर जमले. पण ती क्षमा मागायची म्हणजे धाकटीचं घर पुन्हा एकदा मध्ये आणून ठेवायचं, आणि बायका पुन्हा रडणार. तिने ते शब्द गिळले. "देवा, या बहिणीला सुखी ठेव. आमेन," एवढंच म्हणून ती थांबली. केमिस्टीणबाईचा चेहरा पडला.

चहा झाला. कप खाली ठेवत पाळकबाई म्हणाल्या, "झग्याचं काय झालं? मशीन दुरुस्त झालं का?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. ती कप गोळा करत होती.

"मशीन बिघडलंच नव्हतं," थोरली म्हणाली. "मी खोटं सांगितलं. मला दिसत नाही, पाळकबाई. सुई दिसत नाही. वर्ष झालं."

धाकटीचे हात कपांवरच थांबले.

"अरेरे," केमिस्टीणबाई म्हणाली, आणि लगेच उठली. "आपण आत्ताच प्रार्थना करू या." तिने थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला, बायका भोवती जमल्या, आणि ती सुरू झाली. अंधार आला. विझत चाललेला दिवा आला. दारोदार चाचपडणारी विधवा आली, नवरा आतल्या खोलीत चांगला घोरत असताना. भोवती पुटपुट वाढत गेली, कुणीतरी नाक ओढलं. थोरली त्या हाताखाली बसून राहिली. आपलं दुःख दुसऱ्याच्या तोंडात इतकं रंगतं, आणि ते रंगत असताना आपण तिथे कुणी नसतोच, हे तिला आता कळत होतं. धाकटीला हे न विचारता, तिच्या पाठीमागे भोगावं लागलं होतं. शरमेने थोरलीचे कान तापले. एवढ्या बायकांत आमेन तेवढी धाकटी म्हणाली नाही.

बायका गेल्यावर धाकटी खुर्च्या लावायला थांबली.

"मला माफ कर," थोरली म्हणाली. कितीतरी सुंदर शब्द तिला येत होते. त्यातला एकही तिने काढला नाही.

धाकटी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "नाही जमत अजून, ताई. रोज प्रभूची प्रार्थना म्हणायला बसते. 'जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो' या ओळीपाशी आले की गप्प होते, आणि तशीच उठते." मग ती म्हणाली, "डोळ्यांचं कशाला सांगितलंत? मी कुणाला सांगणार नव्हते."

"माहीत आहे. म्हणूनच सांगितलं."

धाकटीने ती खुर्ची उचलून भिंतीला लावली.

"भाऊजी कसे आहेत?" थोरलीने भीतभीत विचारलं.

"दार लावून बसलेत. केंद्रात परत चला म्हटलं की भिंतीकडे तोंड करतात."

"मी त्यांच्यासाठी..." थोरली म्हणाली आणि मध्येच थांबली. ते वाक्य पुरं करायचं तोंड तिला राहिलं नव्हतं.

"करा," धाकटी म्हणाली. "पण मनात करा."

तिने सुयांची गादी ओढून घेतली आणि खिडकीशी बसून पांढरा दोरा तोडला. थोरली झगा मांडीवर घेऊन शेजारी बसली. तिने ओठ घट्ट मिटले. शब्द नीट जुळत नव्हते. नुसता दिराचा हसरा चेहरा आणि ती करंडी समोर येत होती, आणि "देवा, देवा" एवढंच मनात चाललं होतं. ते ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तेव्हा झग्याला डाग पडू नये म्हणून तिने मान वळवली.

धाकटीने सुई पुढे केली.

थोरलीने ती बोटांनी चाचपून घेतली. "ओवली आहेस ना?"

"ओवली आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीला दोरा दिसत नव्हता. तिने झग्याचा गळा दुमडला आणि पहिला टाका घातला.