आयुषच्या गाडीची खास नंबरप्लेट

भानुदास भारतीय सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले त्याला पंचवीस वर्षं झाली. पण माणूस काही अजून निवृत्त झालेला नाही. न्यूझीलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरातसुद्धा दारावर नावाआधी 'हवालदार' लावल्याशिवाय त्यांना चैन पडलं नाही. त्यांच्या गावात लग्नपत्रिकेतही हुद्दा छापतात. तो कुणाला नकोसा वाटेल, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं.

मुलगा आयुष न्यूझीलंडच्या सैन्यातून बाहेर पडला त्याला चार वर्षं झाली होती. परदेशात युद्धातून पळणाऱ्या लोकांना विमानाने बाहेर काढायच्या शेवटच्या ड्युटीबद्दल त्याने घरात चकार शब्द काढला नव्हता. तरी त्याच्या गाडीला माजी सैनिकांची खास नंबरप्लेट हवीच, हे भानुदासांनी परस्पर ठरवून टाकलं. घरभाड्याच्या कागदांत अर्ज सरकवून त्याची सहीही घेतली.

"अहो, त्याला विचारा तरी," सुजाता म्हणाली. आयुषची आई नर्स, माणसं बघून बघून शहाणी झालेली. पण ह्यांना सरप्राइज द्यायचं होतं ना!

प्लेट लागली. पहिल्या दिवशी आयुष गाडी घेऊन गेला, संध्याकाळी किल्ली खुंटीला अडकवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. हेन्डरसनला कामावर जायला दोन बस बदलायच्या, त्यात पाऊस. तीन आठवडे हेच. घरात बोलणं बंद. भानुदासांना आधी राग आला, मग भीती वाटायला लागली. पोरगा आपल्या हातून जातोय की काय?

एका सकाळी त्यांनी त्याला गाडीपाशीच गाठलं. "सैन्याची लाज वाटते का रे तुला?"

"टेक इट ऑफ, बाबा. प्लीज." आयुष नेहमीसारखा अर्ध्या इंग्रजीत बोलला. "कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानाबाहेर प्लेट बघून एक माणूस मला थँक यू म्हणाला. फॉर व्हॉट? आय वॉज ॲट द एअरपोर्ट गेट. लास्ट फ्लाइट. एका म्हातारीने नातवाला पुढे केलं, ह्याला तेवढं घ्या म्हणून. जस्ट हिम, नॉट हर. अँड आय शट द गेट."

भानुदासांनी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्यांना एकच गोष्ट येत होती.

"हुकूम होता, बाळा. हुकमापुढे आपलं काय चालतं?"

आयुष आता नुसत्या मराठीत बोलला, अडखळत, लहानपणी बोलायचा तसा.

"मी पण तिला हेच सांगितलं, बाबा. तुमचंच वाक्य. मराठीतच निघालं तोंडातून. तिला काय कळणार?"

तो बसस्टॉपकडे गेला.

त्याच आठवड्यात भानुदासांनी गाडीला साधी प्लेट लावून आणली. आयुष अजून बसनेच जातो. भानुदास त्याला का म्हणून विचारत नाहीत.