लाल होईस्तोवर

क्लेमेंटनी तिसरा घाव घातला तेव्हा कुठे केळीच्या घडाचा दांडा तुटला, तोही सोलवटून. कोयता गवतात टाकून ते उजवं मनगट चोळत राहिले.

मागच्या दारात, सात महिन्यांच्या एलिसाला कडेवर घेऊन फेलिशिया बघत होती. आठवडाभर ती सासऱ्यांचे घाव मोजत होती. आधी एकात तुटायचा.

“हात गेले आता,” ओटीवर बसत ते म्हणाले. “अल्पेशला फोन करतो. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ये म्हणून. कधीचा वाडी कसायला मागतोय, त्यालाच कसू दे.”

“ताटावर तर अजून झक्क चालतात!” सालोमी, त्यांची बायको, आतून म्हणाली.

ते हसले नाहीत. कोयता दगडावर घासू लागले. हल्ली रोज घासत, तरी दुपारपर्यंत धार मरायचीच.

फेलिशिया त्या कोयत्याकडे बघत राहिली. शहाळं फोडलं की सासरे कोयत्याच्या टोकावर मलई घेऊन नातीच्या ओठांना लावायचे. त्याच कोयत्याने माती, चीक, काय काय कापायचे. तोंडावर ‘नको’ म्हणायची तिची छाती होईना. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तार ज्योतीत लालबुंद करून निर्जंतुक करायची, तशी एका दुपारी, घरात कुणी नसताना, तिने पाती गॅसवर फिरवली; टोक लाल, धार निळी होईस्तोवर. निवल्यावर निळे डाग राखेने घासून काढले. किती हलकं वाटलं होतं तेव्हा! पुढे घाव वाढले तेव्हा फोनवर शोधून वाचलं, तर कडक केलेलं पोलाद असं तापून सावकाश निवलं की नरम पडतं.

क्लेमेंटनी खिशातून फोन काढला.

“पप्पा, थांबा.”

“काय गो?”

“हात नाही गेले तुमचे. कोयता गेलाय. मीच घालवला.”

मलई, जंतू, गॅस, सगळं तिने एका दमात सांगितलं. एलिसाला उगाच घट्ट धरलं.

“आजोबांच्या वेळचा कोयता पापडासारखा भाजलास?” सालोमी दारात आली.

क्लेमेंटनी फोन परत खिशात टाकला. उठले, कुंपणापाशी गेले.

“बर्नार्ड! तुझा कोयता दे जरा.”

शेजाऱ्याचा कोयता घेऊन ते केळीत शिरले. पानांआड ते दिसेनासे झाले.

खट्. एकदाच.

मोठा घड खांद्यावर घेऊन ते अंगणात आले आणि तसेच उभे राहिले. चीक सदऱ्यावर ओघळत होता.

“ओ, ठेवा की तो खाली,” सालोमी म्हणाली. “मान मोडेल.”

“राहू दे,” क्लेमेंट म्हणाले. “राहू दे जरा वेळ.”