झुकत्या मापाची तागडी

मित्रांनो, दुकानातले वजनकाटे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. त्यांच्यात मला धरू नका. मी एक जुनी तागडी आहे. लोखंडी दांडी, पितळेची दोन पारडी, सहा साखळ्या आणि दांडीच्या मधोमध काटा. मानाने हातात उचलून धरल्याशिवाय मी वजन सांगत नाही. टेबलावर बसून वजन सांगणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

सोलापुरात मंगळवार पेठेतल्या एका लोहाराने मला घडवलं. काशम्माच्या सासूने मला तिच्या दुकानासाठी घेतलं, आणि सासू गेल्यावर मी काशम्माच्या हाती आले. गूळ, शेंगा, चटणी, साबण, मेणबत्त्या असं ते दुकान. शेर होते तेव्हा मी शेर तोलले. मग किलो आले. महिनाभर मी रुसून होते, पण किलोही तोलले. काम टाकणारी मी नव्हे.

त्या घराचा एक नेम होता. काटा मधोमध आला तरी हात थांबवायचा नाही. मालाचं पारडं चांगलं खाली बसलं पाहिजे, मगच गिऱ्हाइकाच्या पिशवीत माल ओतायचा. ह्याला झुकतं माप म्हणतात. काशम्माचं माप झुकतं असतं, हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं. ती स्तुती अर्धी माझी होती. अर्धीहून थोडी जास्तच.

काशम्माला अक्षर येत नव्हतं आणि मला तर कोणी शाळेची पायरीही दाखवली नव्हती. तरी आम्हा दोघींना सगळं समजतं, असंच आम्ही धरून चाललो होतो. मग एकोणीसशे शहात्तर साली तिची लेक सुंदरम्मा दहावीला गेली आणि घरात बीजगणित आलं.

सुंदरम्मा मोठ्याने वाचायची, मी खुंटीवरून ऐकायची. साबणाच्या वडीचं वजन क्ष, मेणबत्तीच्या पुड्याचं वजन य. माझं डोकं फिरून जायचं. ज्याचं वजन माहीत नाही ते तोलावं की. त्याला नाव ठेवून काय होतं? वर म्हणे एक समीकरण पुरत नाही, दोन लागतात. दोन्ही एकदम सोडवायची, आणि उत्तर मात्र एकच यायचं.

शाळेत राजेसाब मास्तरांनी सांगून ठेवलं होतं की सोमवारच्या चाचणीत बीजगणितात नापास होईल, त्याचा बोर्डाचा फॉर्म पुढे जाणार नाही. काशम्माने त्याला आपली एक अट जोडली.

"फार्म गेला तर शीक. न्हाय गेला तर दुसऱ्या दिवसापासनं तागडी तुज्या हातात. माजं मनगट आता उचलत न्हाय."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? फॉर्म जाऊ नये असंच मला वाटत होतं. सुंदरम्माचा हात थेट तिच्या आईचा. असा हात मला परत कुठे मिळणार होता?

रविवारी गिरणीचा तीनचा भोंगा झाला तेव्हा दुकानात चिटपाखरू नव्हतं. सुंदरम्माने मला खुंटीवरून काढलं. मास्तर म्हणाले होते की समीकरण म्हणजे तराजू. शेवटी पुस्तकाला माझी गरज पडली, म्हणून मी ताठ झाले.

तिने एका पारड्यात साबणाच्या दोन वड्या आणि मेणबत्तीचे तीन पुडे ठेवले. दुसऱ्या पारड्यात वजनं घालत गेली. आठशे ग्रॅमवर थांबली आणि वहीत लिहिलं. मग दोन वड्या आणि एकच पुडा. पाचशे चाळीसवर थांबली. वजाबाकी केली, तेव्हा पुडा एकशे तीसचा निघाला आणि वडी दोनशे पाचची. ताळा पाहायला तिने एकच वडी तोलली. ती भरली एकशे नव्वद.

तिने पुन्हा पहिल्यापासून केलं. आता पुडा एकशे पंचेचाळीसचा आणि वडी एकशे साडेब्याण्णवची. तिसऱ्या खेपेला आणखी निराळंच. साबण तेच, मेणबत्त्या त्याच, हातही तोच. मी घाबरले. इतकी वर्षं मी कुणाला खोटं तर सांगत आले नाही ना?

तेवढ्यात शेजारची बांगडीवाली इमामबी शेंगा न्यायला आली.

"काय गं, साबन इकायला काढलास का धुवायला बसलीस?"

"मला डोकंच न्हाय, खाला," सुंदरम्मा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "उद्या मी पेपरच देत न्हाय. बसते दुकानात."

"बस की. पन तुज्या आईच्या तोंडाफुडं दिवसभर बसावं लागंल. त्यापरास गणित सोपं."

आतून काशम्मा बाहेर आली. "माज्या तोंडाला काय झालं? बघू काय मांडलंस ते."

"दोन्ही बाजू सारख्या धरायच्या, अव्वा. ह्या दोन रेघा म्हंजे सारखं."

"सारखं? मग साबनाचं पारडं खाली का बसलंय?"

"आपण तसंच तोलतो की."

"ते गिऱ्हाइकाला. हितं गिऱ्हाईक कोन हाय? साबन बी तुजा, वजनं बी तुजी. कुनाला वाढवून देतीस?"

सुंदरम्माने मला पुन्हा उचललं आणि काटा अगदी मधोमध येईपर्यंत एकेक बारीक वजन घालत गेली. इतकी सरळ मी आयुष्यात उभी राहिले नव्हते. लाज वाटली. ह्या घरात काटा मधे थांबणं म्हणजे हात आखडणं, आणि मला तर तसंच थांबवून ठेवलं होतं.

आठशे पन्नास. मग पाचशे पन्नास.

"साबण दोन्हीकडं दोन-दोन, ते गेले," सुंदरम्मा पुटपुटली. "जास्तीचे दोन पुडे तीनशेचे. एक दीडशेचा. मग वडी दोनशेची."

तिने एका पारड्यात एक वडी ठेवली आणि दुसऱ्यात दोनशेचं वजन. काटा मधोमध थांबला.

"एवढ्यासाटी शाळा?" काशम्मा म्हणाली.

"काशम्मा, फार्म तूच भर आता," इमामबी म्हणाली.

काशम्मा मनगट चोळत आत गेली. मघाशी पारड्याबद्दल ती बोलली नसती तर लेक आमच्याच हाती राहिली असती. हे तिला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

फॉर्म गेला. सुंदरम्मा दहावी पास झाली आणि जूनपासून कॉलेजात जायला लागली. काशम्माचं मनगट आणखी सुजलं, तेव्हा दुकानात टेबलावरचा काटा आला. मी गुळाच्या पोत्यामागच्या खिळ्यावर गेले. साखळ्यांना गंज चढला, पारड्यांवर हिरवा थर आला.

मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी तागडी असेल तर तिला ओलीत टांगू नका. चिंचेने पारडी घासा, साखळ्यांना तेलाचं बोट लावा. आणि मधूनमधून तिच्यात काहीतरी ठेवा, मग ती साबणाची एक वडी का असेना. क्ष म्हणजे काय, ते मला अजून समजलेलं नाही. झुकतं माप खरं की मधला काटा खरा, ह्याचाही उलगडा होत नाही. पण इथे अंधारात माझी दोन्ही पारडी रिकामी असतात आणि काटा मधोमध असतो. शून्य बरोबर शून्य. हे एक समीकरण मला कुणी न शिकवता कळलं.